भाग न जाणारी संख्या : २,१४,७४,८३,६४७

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा घराला कुलूप लावून आम्ही विश्रामबागेत धाकट्या बहिणीकडे राहायला गेलो. तिच्याकडे पाणी आलेले नव्हते, पण वीजही नव्हती. पहिल्या दिवशी मोबाईलमध्ये थोडी धुगधुगी शिल्लक होती आणि नववीतला भाचा त्यावर नाणी गोळा करण्याचा कसलासा खेळ खेळत बसला होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, हे बघा की. कितीही मिळवली तरी नाणी पुढं जाईनात." पडद्यावर २१४७४८३६४७ हा आकडा होता. थोड्याच वेळात मोबाईल बंद पडला, पण आकडा माझ्या डोक्यात राहिला, कारण तो माझ्या ओळखीचा होता. विलिंग्डन महाविद्यालयात गणित शिकत असताना आमच्या सरांनी तो एकदा फळ्यावर लिहिला होता आणि "ही मूळ संख्या आहे" एवढे सांगून तास संपवला होता. पुढे सत्तावीस वर्षे मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले, जमाखर्चाचा मेळ रोज घातला. पण ही संख्या मूळ आहे हे कोणाला आणि कसे कळले, याचा मेळ घालायचा राहूनच गेला होता.

खेळ का अडकला, हे भाच्याला सांगणे सोपे होते. असे खेळ बहुधा आकडा साठवण्यासाठी ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा ३२ घरांची, जागा ठेवतात. त्यातला एक बिट संख्या धन की ऋण हे दाखवण्यात जातो आणि उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त मावणारी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. आपल्या पद्धतीने वाचायची तर ती दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी होते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे ठेवत गेले, तर पहिल्या ३१ घरांतले दाणे मिळून नेमके एवढेच भरतात. धान्याच्या भाषेत सांगितले की मला आकार कळतो, म्हणून बहिणीच्या डब्यातल्या शाळूचे हजार दाणे मी मोजून ठेवले आणि नंतर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर त्यांचे वजन केले. ते ३३ ग्रॅम भरले. त्या हिशेबाने ३१ घरांची ज्वारी ७०८ क्विंटल होते. म्हणजे दहा टनांचे सात ट्रक भरून वर थोडी उरते. पट अजून अर्धाही भरलेला नसतो.

एवढ्या दाण्यांच्या सारख्या राशी करायच्या ठरवल्या, तर एक-एक दाणा वेगळा ठेवणे किंवा सगळ्यांची एकच रास करणे, याखेरीज तिसरा मार्ग नाही. मूळ संख्या म्हणजे एवढेच. हे विधान नकाराचे आहे हीच खरी अडचण आहे. एखाद्या संख्येला भाग जातो हे दाखवायला एक भाजक पुरतो. भाग जात नाही हे दाखवायला मात्र सगळे भाजक संपवावे लागतात. सुदैवाने सगळे म्हणजे दोन अब्ज नव्हेत. संख्येचे दोन अवयव असतील, तर त्यांतला लहान अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही, आणि आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ४,७९२ आहेत. तेवढे भागाकार करायचे म्हटले, तर रोज दहा केले तरी सव्वा वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि तोही एकही चूक न करता.

यातून सुटण्याची एक वाट मला कॉलेजपासून आठवत होती. ती लहान संख्येवर दाखवतो. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७. तिला २३ ने भाग जातो. आता २ चे घात ओळीने घेऊन त्यांना २३ ने भागत जावे आणि फक्त बाकी लिहावी : २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला बाकी १ येते आणि तिथून पुन्हा २, ४, ८ असा फेरा सुरू होतो. अकराव्या पायरीला १ येणे भागच आहे, कारण २३ ने २,०४७ ला भाग जातो याचा अर्थच तो. दुसरीकडे फर्माचा सिद्धांत सांगतो, की भाजक मूळ असेल आणि तो २ नसेल, तर त्याच्याहून एकाने कमी असलेल्या पायरीला, म्हणजे इथे बाविसाव्या पायरीला, बाकी १ येणारच. ११ ही स्वतः मूळ असल्यामुळे फेरा अकरा पायऱ्यांहून लहान असू शकत नाही, म्हणून बावीस पायऱ्यांत अकराचे फेरे पूर्ण बसले पाहिजेत. आणि इथे ते दोन बसतात. २,०४७ चा दुसरा अवयव ८९ आहे, त्यातून १ वजा केले की ८८ उरतात, म्हणजे अकराचे आठ फेरे.

आपल्या संख्येत ११ च्या जागी ३१ आहे. म्हणून तिला ज्या मूळ संख्येने भाग जाऊ शकेल, तिच्यातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेला पाहिजे, आणि ती विषम असल्यामुळे २ नेही गेला पाहिजे. थोडक्यात, भाजक सापडायचा असेल तर तो ६२ च्या पाढ्याच्या एक पाऊल पुढेच सापडेल : ६३, १२५, १८७, २४९, ३११ असा. ४६,३४० पर्यंत अशा ७४७ जागा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, आहेत. पहिल्या चार तर आहेतच. बाकीच्या सगळ्या दुनियेत शोधण्याचे कारण उरत नाही. ३, ७, १३, १९ यांनी भाग जातो का, हे पाहायचीसुद्धा गरज नाही.

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर मी ३११ पासून सुरुवात केली. २१४७ मध्ये ३११ सहा वेळा, बाकी २८१. त्यावर ४ उतरवला की २८१४, त्यात नऊ वेळा, बाकी १५. आणि अशा रीतीने शेवटी बाकी ३५ उरली. भागाकार मी ६९५९२ लिहिला. सवयीने नवाचा ताळा घेतला, म्हणजे प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करून पडताळा पाहिला, आणि तो बरोबर आला. तरीही भागाकार पाच अंकी कसा, असा संशय आला, म्हणून पुन्हा पाहिले, तर खरा भागाकार ६९०५०९२ होता. दोन ठिकाणी अंक उतरवूनही भाग जात नव्हता आणि तिथली शून्ये मी गिळली होती. सत्तावीस वर्षे ज्या ताळ्यावर विसंबून मी पाने पुढे ओढली, तो ताळा शून्य गिळल्याचे सांगत नाही, कारण शून्याने अंकांची बेरीज बदलत नाही. ३११ चा ताळा ५, भागाकाराचा ४, त्यांच्या गुणाकाराचा २, बाकीचा ८, मिळून १. आणि मूळच्या संख्येचाही १. शून्ये असली तरी १ आणि नसली तरी १. बाकी बरोबर होती, म्हणून माझ्या कामापुरते नुकसान झाले नाही, पण बरीच जुनी पाने डोळ्यांपुढून गेली हे खरे.

पाणी ओसरेपर्यंत मी १,५०० च्या आतले सात भाजक पुरे केले : ३११, ३७३, ६८३, १,११७, १,३०३, १,४२७ आणि १,४८९. एकानेही भाग गेला नाही. त्यानंतर घरातला गाळ काढण्यात दोन महिने गेले आणि दिनदर्शिकेची ती पाने एका पिशवीत पडून राहिली.

पुढे निवांतपणे वाचायला मिळाले तेव्हा कळले, की त्या सातांपैकी चार भागाकार मी फुकट केले होते. ही संख्या मूळ आहे हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले, आणि १७७२ साली बेर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात कळवले. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, वयाची पासष्टी गाठत होते आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. लेखन साहाय्यकांकडून करून घ्यावे लागे. अशा माणसाला हजारो भागाकार परवडणारे नव्हते, आणि त्यांनी ते केलेही नाहीत. ६२ च्या नियमावर त्यांनी आणखी एक नियम चढवला. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येत असेल, तर ३२ व्या घाताची बाकी २ येणार. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे त्या भाजकाच्या बाक्यांच्या जगात २ ही एक वर्गसंख्या ठरते; २३ च्या उदाहरणात १८ चा वर्ग ३२४ आणि त्याची बाकी खरोखरच २ येते. असे घडते ते फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी ठेवणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीत. दोन्ही नियम एकत्र केले, की भाजक २४८ च्या पाढ्याच्या एकतर १ ने पुढे असेल किंवा ६३ ने पुढे. तिसरी जागा नाही. ३७३, ६८३, १,११७ आणि १,४२७ यांना ८ ने भागून पाहा : बाक्या ५, ३, ५ आणि ३ येतात. त्यांच्याकडे जायचेच नव्हते.

६३ ही स्वतः संयुक्त आहे, ती सोडली तर ४६,३४० पर्यंत अशा जागा ३७२ उरतात, आणि त्यांतल्या संयुक्त संख्या गाळल्या की प्रत्यक्ष भागून पाहण्याजोग्या मूळ संख्या ऐंशीच्या आसपास राहतात. ४,७९२ वरून ऐंशीपर्यंत येताना एकही भागाकार झालेला नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत देखणे वाटते. ऑयलर यांच्या स्मरणशक्तीच्या आणि तोंडी हिशेबाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात आणि त्या ऐकायला बऱ्याही वाटतात, पण इथे त्यांनी हिशेब जलद केला असे नसून तो करायची वेळच येऊ दिली नाही.

उरलेले भागाकारसुद्धा दहा अंकी संख्येचे करावे लागत नाहीत. १,४८९ चे उदाहरण घेतो. २ चा १० वा घात १,०२४. त्याचा वर्ग, म्हणजे २० वा घात, १०,४८,५७६. त्याला १,४८९ ने भागले की बाकी ३२०. त्या ३२० ला पुन्हा १,०२४ ने गुणले की ३,२७,६८० आणि त्याची बाकी नेमकी १००. ही ३० व्या घाताची बाकी झाली. दुप्पट केली की ३१ व्या घाताची २००, आणि एक वजा केला की आपल्या संख्येची १९९. दिनदर्शिकेच्या पानावर लांब भागाकाराने मला १९९ च मिळाले होते, पण अर्धे पान भरून. ही रीत पुराच्या दिवसांत सुचली असती तर मेणबत्त्या वाचल्या असत्या.

२ चा एखादा घात वजा १ अशा या घराण्यातल्या संख्यांना मर्सेन यांचे नाव आहे. ते फ्रेंच धर्मगुरू होते आणि १६४४ साली त्यांनी २५७ पर्यंतचे कोणते घातांक घेतले असता मूळ संख्या मिळते, याची यादी छापली. यादीत ३१ बरोबर होता. ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. त्यांच्या हाती तेव्हा जी साधने होती ती पाहता एवढ्या चुका मी क्षम्य धरीन. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ होते असे नाही, हे ११ ने दाखवलेच आहे. २९ घेतला तर संख्येचे २३३, १,१०३ आणि २,०८९ असे तीन अवयव पडतात. युक्लिडच्या नियमाने प्रत्येक मर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच असते अशी. ६ आणि २८ या त्यांतल्या पहिल्या दोन. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी मिळते, २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली लिहून ठेवले, की हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून कोणी त्या वाटेला जाणार नाही. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी १२७ घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ ठरवली आणि बार्लो यांचे भाकीत पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत.

ल्युका यांची आणि पुढे लेहमर यांनी घासूनपुसून घेतलेली कसोटी भाजक शोधतच नाही. ४ पासून सुरुवात करावी, वर्ग करून २ वजा करावे, संख्येने भागून बाकी ठेवावी आणि हेच पुन्हा करावे. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी संयुक्त. घातांक ५ घेतला तर संख्या ३१ : ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२ म्हणजे बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल लागतो. आपल्या संख्येला एकोणतीस पायऱ्या लागतात, पण प्रत्येक पायरीला दहा अंकी संख्येचा वर्ग आणि त्याचा भागाकार असतो, त्यामुळे हाताने करणाऱ्याला ऑयलर यांचीच वाट सोयीची आहे. शिवाय, खरे सांगायचे तर, शून्य आले म्हणून मूळ हे पटले तरी समाधान होत नाही. सगळ्या संशयितांची झडती घेतल्यावर जे होते ते होत नाही.

खेळाची मर्यादा नेमकी मूळ संख्येवर पडावी हा निव्वळ योगायोग आहे. १६ बिटांच्या जागेची मर्यादा ३२,७६७ असते आणि ती ७, ३१ व १५१ यांचा गुणाकार आहे. ६४ बिटांच्या मर्यादेला ७ ने भाग जातो. ज्या जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात, त्यांचे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी याच संख्येवर येऊन थांबतील, पण त्यांना ती मूळ असल्याचे सोयरसुतक नसेल. मूळ असण्याचा संगणकाला प्रत्यक्ष उपयोग होतो तो यादृच्छिक संख्या काढताना. १६,८०७, म्हणजे ७ चा ५ वा घात, घेऊन पुन्हा पुन्हा गुणत आणि आपल्या संख्येने भागून बाकी घेत गेले, तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. संख्या संयुक्त असती तर फेरा आधीच मिटला असता.

आणखी एक गंमत भाच्याने विचारली म्हणून पाहिली. ५ घेतला तर ३१ मिळते, ३१ घेतला तर आपली संख्या; मग आपली संख्याच घातांक म्हणून घेतली तर? ती ६४ कोटी ६४ लाखांहून अधिक अंकांची होते, कुठे लिहायची सोय नाही, आणि ती मूळ नाही. तिचा एक भाजक माहीत आहे : २९५२५७५२६६२६०३१. तो कागदावर लिहून मी भाच्याला त्यातून १ वजा करून आपल्या संख्येच्या दुपटीने भागायला लावले. भागाकार ६८,७४५ आला आणि बाकी शून्य. ज्या नियमाने ३११ कडे नेले होते, तोच नियम पंधरा अंकी भाजकालाही लागू पडला. पोरगा गप्प बसला, हे मी फार क्वचित पाहिले आहे.

उरलेले भागाकार मी मागच्या दिवाळीनंतर पुन्हा काढले. आता रोज दुपारी दोन-तीन होत, प्रत्येकाला दोन लहान भागाकार, आणि शून्ये मोजून घ्यायची शिस्त. यादीतल्या शेवटच्या दोन जागा ४६,१२९ आणि ४६,१९१ या होत्या. ४६,१९१ ला ३ ने भाग जातो, ती लगेच गळली. ४६,१२९ ने मात्र बराच वेळ घेतला आणि मग १६३ गुणिले २८३ अशी फुटली. त्यांच्या आधीची ४५,९४३ मूळ निघाली. तिच्यासाठी २० व्या घाताची बाकी ३७,८३० आली, ३० व्याची ७,९७१, दुप्पट केल्यावर १५,९४२. एक वजा करून मी पानाच्या तळाशी १५,९४१ लिहिले, खाली दुहेरी रेघ ओढली आणि बहिणीला फोन करून भाच्याला बोलावून घ्यायला सांगितले.